खास कौशल्याच्या जोरावर अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात प्रवेश कसा मिळवावा

हार्वर्ड, येल, एमआयटी इथे शंभर अर्जांमागे पाच जणांनाही प्रवेश मिळत नाही. उत्तम गुणांचे हजारो अर्ज नाकारले जातात. अशा वेळी संगीत, संशोधन, खेळ यांपैकी कशात तुमचा खरोखर हातखंडा असेल, तर त्याचं वजन पडतं.

आधी अभ्यास. एमआयटी आणि हार्वर्डने सॅट किंवा एसीटी ही प्रवेशासाठीची परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. कला कितीही मोठी असो, तिथला अभ्यास झेपेल का, हे पाहिलं जातंच.

मग नववीपासून एक-दोन क्षेत्रं धरा आणि त्यांत खोल जा. ‘कॉमन अ‍ॅप’ या अनेक विद्यापीठांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जात दहा उपक्रमांची जागा असते. ती सगळी भरलीच पाहिजे असं नाही. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला फक्त 150 अक्षरं मिळतात, तीही रिकाम्या जागा धरून. ‘रोबोटिक्स क्लबमध्ये सक्रिय, नेतृत्वगुण विकसित केले’ यातून काहीच कळत नाही. ‘वस्तू निसटू देणारा यांत्रिक हात नव्याने बांधला, कोड लिहिला, दर शनिवारी नवख्यांना शिकवलं’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याला तुम्ही दिसता.

तिसरी पायरी पोर्टफोलिओची, म्हणजे तुमच्या कामाच्या निवडक नमुन्यांची, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन कलेचे नमुने स्वीकारतात. एमआयटीत स्वतः बनवलेल्या वस्तूंसाठी ‘मेकर पोर्टफोलिओ’ आहे. हे सगळं ऐच्छिक असतं. पण हे नमुने त्या विषयाच्या प्राध्यापकांपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळे बेताचं काम पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं. पाठवण्याआधी तुमच्या गुरूंखेरीज दुसऱ्या एखाद्या कडक जाणकाराला ऐकवा. व्हायोलिनचं रेकॉर्डिंग असेल, तर शांत खोली निवडा, हात आणि गज दोन्ही दिसतील असा कॅमेरा लावा, मध्ये काटछाट करू नका. सर्वांत दमदार रचना पहिली ठेवा, कारण परीक्षक शेवटपर्यंत ऐकेलच याची खात्री नाही. किती मिनिटांचं हवं, ते त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून तंतोतंत पाळा.

खेळाडूंची वाट वेगळी आहे. प्रशिक्षकाला स्वतः ईमेल करा: सामन्यांचा छोटा व्हिडिओ, वेळा किंवा क्रमवारी, शाळेचे गुण. बारावीची वाट पाहू नका, तोवर बऱ्याच संघांची निवड ठरलेली असते. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्यासह आठ खासगी विद्यापीठांच्या गटात, खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. आर्थिक मदत कुटुंबाची गरज पाहून दिली जाते. पालकांनी हे आधीच समजून घ्यावं.

‘कॉमन अ‍ॅप’मधल्या जास्तीत जास्त 650 शब्दांच्या निबंधात बक्षिसांची यादी पुन्हा देऊ नका, ती अर्जात आलेलीच असते. अडलेला एखादा सूर कसा सुटला, ते लिहा. शक्य असेल तिथे तुमची कला जवळून पाहिलेल्या गुरूंचं जादा शिफारसपत्र जोडा.

लवकरच्या फेरीची मुदत साधारण 1 नोव्हेंबर, नियमित फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. कलानमुन्यांची तारीख वेगळी असू शकते. हार्वर्ड, येल किंवा प्रिन्स्टनला लवकरच्या फेरीत अर्ज केला, तर त्याच फेरीत दुसऱ्या खासगी अमेरिकी विद्यापीठाला सहसा करता येत नाही. त्यामुळे पहिली पसंती ऑक्टोबरच्या आत ठरवून टाका.