पिट्सबर्गला नवे आलात? आधी स्टीलर्सचा आठवडा समजून घ्या

दर ऑगस्टमध्ये आमच्या घरी चार-पाच नवी मंडळी तरी जेवायला येतात. कोणी सीएमयूत (कार्नेगी मेलन विद्यापीठात) शिकायला आलेलं असतं, कोणी एखाद्या हॉस्पिटलात रुजू झालेलं, कोणी नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेलं. प्रश्न ठरलेले असतात. घर स्क्विरल हिलला घ्यावं की ग्रीन ट्रीला, तूरडाळ कुठे मिळते, पेन हिल्सच्या वेंकटेश्वराच्या देवळात गाडीशिवाय कसं जायचं, बर्फात गाडी कशी चालवायची. त्यांची उत्तरं मी देतेच. पण पानं उचलून झाली की आणखी एक गोष्ट सांगते: सप्टेंबर लागायच्या आत इथला फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या गावच्या स्टीलर्स संघाचा, आठवडा समजून घ्या.

खेळ आवडलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण सप्टेंबर ते जानेवारी या गावाचं घड्याळ त्या खेळावर चालतं. ते कळलं नाही तर माणसं विनाकारण परकी वाटत राहतात.

आम्ही २००४ साली आलो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला घरी सत्यनारायण केला. सोयीचा म्हणून रविवार धरला, वेळ दुपारी एकची. शेजारच्या चार घरांना जाऊन बोलावणं केलं, सगळे हसून ‘बघू’ म्हणाले. आलं कोणीच नाही. मी प्रसादाचा शिरा झाकून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आपण या लोकांना नकोसे आहोत, एवढंच डोक्यात आलं. साडेचारच्या सुमारास दार वाजलं. पलीकडच्या घरातले आजोबा उभे होते, अंगात काळी-पिवळी जर्सी, हातात बायकोने केलेला ‘ॲपल पाय’. म्हणाले, ‘सामना संपला, म्हणून आलो.’ त्यांनी शिरा दोनदा मागून घेतला आणि तासभर एका नव्या पोराबद्दल बोलत राहिले. तो पोरगा म्हणजे स्टीलर्सचा नवा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) बेन रॉथलिसबर्गर. त्या वर्षी साखळीत त्याने सुरुवातीपासून खेळलेले तेराच्या तेरा सामने संघाने जिंकले. मला त्यातलं त्या दिवशी काही कळलं नाही. एवढं कळलं, की एक वाजता इथे कोणाला बोलवायचं नसतं.

खेळ थोडक्यात सांगते. अकरा विरुद्ध अकरा. सामन्याचे चार भाग, त्यांना क्वार्टर म्हणतात. ज्याच्याकडे चेंडू त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. शेवटच्या पट्ट्यात पोचला की टचडाउनचे सहा गुण, वर लाथ मारून एक किंवा पुन्हा आत शिरून दोन. लांबून खांबांमधून चेंडू मारला तर तीन. दर प्रयत्नानंतर खेळ थांबतो म्हणून आपली माणसं कंटाळतात. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे क्षेत्ररक्षण कसं लावलंय ते आपण बघतो ना, तसं या थांबण्यात बघायचं. आणि चेंडूवाल्याला पाडतात ती पकड कबड्डी पाहिलेल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही.

आता आठवडा. साखळी अठरा आठवड्यांची, त्यात सतरा सामने आणि एक आठवडा सुट्टी. बहुतेक सामने रविवारी दुपारी एकला. त्या वेळी किराणा दुकानात शुकशुकाट असतो, तेव्हा महिन्याचं सामान भरायचं असेल तर हीच वेळ साधा. रस्तेही मोकळे असतात. मात्र घरचा सामना असेल तर स्टेडियमच्या बाजूच्या, नॉर्थ शोरच्या पुलांकडे गाडी घेऊन फिरकू नका. डाउनटाउनमधून ‘टी’ नावाची ट्राम नदीखालच्या बोगद्यातून स्टेडियमपर्यंत जाते आणि तेवढ्या टप्प्याला तिकीट लागत नाही.

सोमवार हा बोलण्याचा दिवस. ऑफिसात, दवाखान्यात, मुलांच्या बसथांब्यावर पहिलं वाक्य हवामानाचं नसतं, कालच्या सामन्याचं असतं. इथे नवीन माणूस दोन चुका करतो. एक तर मान खाली घालून निघून जातो, नाही तर रात्री चार बातम्या वाचून जाणकाराचा आव आणतो. दोन्ही करू नका. सरळ सांगा, ‘मी नवीन आहे, काल तिसऱ्या क्वार्टरमध्ये सगळे एवढे का चिडले?’ समोरचा माणूस कॉफी बाजूला ठेवून कागदावर रेघा मारून दाखवेल. माझ्या पहिल्या ऑफिसातली सगळी ओळख अशा कागदांवरच झाली. आणखी एक विचारून बघा: ‘बचाव कसा वाटला?’ या गावाला टचडाउनपेक्षा बचावाचा अभिमान मोठा. १९७० च्या दशकात इथल्या बचावफळीला ‘स्टील कर्टन’ म्हणत आणि त्या संघाने सहा हंगामांत चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. पुढे २००६ आणि २००९ मध्ये आणखी दोन.

मंगळवारी जरा शांतता. बुधवारपासून दुखापतींची यादी येते आणि कोणाचा गुडघा, कोणाचा घोटा यावर घरातल्या माणसासारखी काळजी सुरू होते. यादीतले ‘क्वेश्चनेबल’, ‘डाउटफुल’ आणि ‘आउट’ हे तीन शब्द लक्षात ठेवा, त्याच क्रमाने आशा कमी होत जाते. गुरुवारी रात्री कुठला तरी एक सामना असतो. आपला संघ त्यात नसला तर लोक अर्धं लक्ष देतात, पण रेव्हन्स, ब्राउन्स किंवा बेंगल्स खेळत असतील तर पूर्ण. हे तिघे आपल्याच गटातले.

शुक्रवारी शाळांत आणि ऑफिसांत काळे-पिवळे कपडे घालतात. मुलाला पहिल्याच आठवड्यात एक साधा पिवळा टीशर्ट घेऊन द्या. वर्गात एकट्यानेच निळा घालून बसलेलं पोर मी पाहिलंय, आपलंच होतं. हाच रंग इथल्या बेसबॉलचा, आइस हॉकीचा आणि गावाच्या झेंड्याचाही, त्यामुळे वर्षभर उपयोगी पडतो. शुक्रवारची रात्र हायस्कूलच्या सामन्यांची आणि शनिवार कॉलेजांचा. मोठ्या लीगने, म्हणजे स्टीलर्स जिच्यात खेळतात त्या एनएफएलने, त्या वेळेत शिरू नये म्हणून १९६१ च्या प्रक्षेपण कायद्यातच सोय आहे. जवळच्या हायस्कूलचा एक सामना जरूर बघा. जो नेमथ, जो मॉन्टॅना, डॅन मरिनो हे क्वार्टरबॅक याच भागातल्या मैदानांवर वाढले. खर्च थोडा होतो, आणि मुलांच्या शाळेतली कुटुंबं तिथेच भेटतात.

पिवळ्या टॉवेलबद्दल थोडं सविस्तर सांगते. त्याला ‘टेरिबल टॉवेल’ म्हणतात. रेडिओवर सामन्यांचं समालोचन करणारे मायरन कोप यांनी १९७५ च्या डिसेंबरमध्ये लोकांना घरून पिवळे टॉवेल आणून फिरवायला सांगितलं, तेव्हापासूनची ही प्रथा. १९९६ साली त्यांनी त्याचे सगळे हक्क ॲलेगेनी व्हॅली स्कूल या संस्थेला देऊन टाकले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना ती सांभाळते आणि कोप यांचा मुलगाही तिथे राहत होता. म्हणून टॉवेल घ्याल तर अस्सल घ्या, त्यातले पैसे त्या संस्थेला जातात. त्याने टेबल पुसू नका, जमिनीवर टाकू नका. आमच्या शेजारच्या आजोबांकडचा टॉवेल इतका जुना होता की पिवळा रंग कपड्यावरच्या हळदीच्या डागासारखा उरला होता, आणि कडेला त्यांच्या बायकोने दोनदा टीप घातली होती. सामना नसताना तो देवघरातल्या वस्त्रासारखा घडी करून ठेवलेला असे.

हे प्रेम कुठून येतं, ते मला आजोबांमुळेच कळलं. ते होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात होते. तो १९८६ मध्ये बंद पडला. त्याच्या आगेमागे नदीकाठचे एकेक कारखाने विझले, आणि हजारो घरं टेक्सासला, फ्लोरिडाला, जिथे काम मिळेल तिथे निघून गेली. जाताना संघ तेवढा बरोबर नेला. म्हणूनच परगावच्या सामन्यांतही पिवळे टॉवेल फिरताना दिसतात. हे ऐकलं तेव्हा मी त्यांना माझ्या बाबांचं सांगितलं. आम्ही लालबागचे. बाबा गिरणीत साचेवाले होते, १९८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. होमस्टेडच्या जागी आज दुकानं आणि सिनेमागृहं आहेत, मधे जुन्या भट्टीच्या बारा चिमण्या तशाच ठेवल्यात. आजोबांनी मला तिथे नेलं होतं. मी फोनवर परळची चिमणी दाखवली, मॉलशेजारची. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

त्यामुळे सोमवारी कोणी पराभवाबद्दल कळवळून बोलत असेल तर ‘खेळच तर आहे’ असं म्हणू नका.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी राहिल्या. सामना बघायला महागडी वर्गणी लागत नाही. खिडकीत लावायचा साधा अँटेना पुरतो. गावच्या संघाचा सामना केबलवर किंवा ॲपवर असला तरी स्थानिक वाहिनीवर दाखवतातच. हंगामी तिकिटांची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची आहे, तिच्यामागे लागू नका. ऑगस्टमधल्या सरावसामन्यांची तिकिटं परवडतात. त्याहून चांगलं म्हणजे लॅट्रोबच्या सेंट व्हिन्सेंट कॉलेजातलं सराव शिबिर. १९६६ पासून संघ तिथे जातो, बघायला पैसे पडत नाहीत आणि मुलांना खेळाडू जवळून दिसतात. डिसेंबरमध्ये स्टेडियमला गेलात तर पायाखाली घ्यायला पुठ्ठ्याचा तुकडा न्या. थंडी काँक्रीटमधून वर चढते, मोज्यांच्या दोन जोड्यांनी ती थांबत नाही. हाताच्या पंजापेक्षा मोठी पर्स पारदर्शक लागते, नाही तर दारातून परत पाठवतात.

कोणाच्या घरी सामना बघायला बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. मी लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा नेते, पहिल्या क्वार्टरमध्येच संपतो. शाकाहारी असाल तर पिएरोगी मागा. दिसायला करंजीच, आत बटाटा आणि चीज, वर लोण्यात परतलेला कांदा.

पैजेच्या ॲपांपासून मात्र लांब राहा. पेनसिल्व्हेनियात २०१८ पासून खेळांवर पैसे लावणं कायदेशीर आहे आणि जाहिराती सतत समोर येतात. शिकायला आलेल्या एका मुलाचं सत्राचं भाडं त्यात गेलेलं मी पाहिलंय, ते आम्ही चौघांनी मिळून भरलं. ऑफिसातली पाच डॉलरची गंमत वेगळी, फोनवरची वेगळी.

आजोबा आता नाहीत. त्यांचा टॉवेल त्यांच्या बायकोने मला दिला, तो मी घडी करून ठेवलाय.

आणि घरी फोन रविवारी सकाळीच करून टाका. एकचा सामना म्हणजे भारतात रात्रीचे साडेदहा, नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे गेली की साडेअकरा. माझी आई आता शनिवारीच विचारते, ‘उद्या तुमचा खेळ किती वाजता गं?’