फाशीच्या धाकाने अमली पदार्थांची तस्करी थांबते का? गावात या प्रश्नावर चर्चा कशी घ्यावी

गावाजवळ गांजा पकडला गेला किंवा कॉलेजात जाणारा एखादा मुलगा त्या नादी लागल्याचे कळले, की पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी उठून म्हणतोच, "असल्यांना फाशीच दिली पाहिजे." असे म्हणणारा बहुधा पोटतिडकीने बोलत असतो आणि ज्याच्या घरातले पोर हातचे गेले आहे, त्याच्या संतापावर आकडे फेकणे बरे नव्हे. परंतु फाशीमुळे तस्करी खरोखर कमी होते का, हा संतापाहून वेगळा प्रश्न आहे. तो तपासून पाहता येतो आणि तपासण्याची रीत वाचनालयात, सामुदायिक प्रार्थनेनंतरच्या बैठकीत किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात शिकवताही येते.

सभा पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत ठेवू नये, कारण तेव्हा येतात ते फक्त रिकामे लोक. पोलीस पाटील, आशा ताई, शिक्षक आणि शक्य झाल्यास तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी काम करणारे एखादे वकील यांना आधी भेटून बोलावावे. महिला बचत गटांना निरोप जरूर द्यावा, कारण घरात व्यसन शिरल्याचे सर्वांत आधी बायांच्याच लक्षात येते.

पहिले काम प्रश्न नीट मांडण्याचे. "फाशी असावी की नसावी" असा प्रश्न फळ्यावर लिहिला, तर सभा अर्ध्या तासात दोन तट पडून संपते. त्याऐवजी असे लिहावे: ज्या गुन्ह्याला आज वीस वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, त्यालाच फाशी ठेवली, तर आज न थांबणारा कोणता माणूस त्यामुळे थांबेल? तुलना फाशी आणि मोकळीक यांच्यात नाही, तर फाशी आणि दीर्घ कारावास यांच्यात आहे, हे सभेच्या सुरुवातीलाच स्पष्ट झाले पाहिजे. "शिक्षा नसेल तर सगळेच विकतील" हा युक्तिवाद तिथेच गळून पडतो, कारण शिक्षा नसावी असे म्हणणारे सभेत कोणीही नसते.

त्यानंतर आजचा कायदा सांगावा. आपल्या देशात या गुन्ह्याला फाशी नाहीच, असे पुष्कळांना वाटते, आणि ते चूक आहे. अमली पदार्थांविषयीच्या ज्या कायद्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो १९८५ चा. १९८९ मध्ये त्यात कलम ३१-अ घालण्यात आले आणि मोठ्या प्रमाणातील ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास फाशी अनिवार्य झाली. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही अनिवार्यता घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर फाशी द्यायची की तीस वर्षांपर्यंतचा कारावास, हे न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवले गेले. या कलमाची यादी वाचून दाखवावी: हेरॉईन १ किलो, अफू १० किलो, कोकेन ५०० ग्रॅम, चरस २० किलो आणि अशीच आणखी काही नावे. आपल्या भागात सर्वाधिक सापडतो तो गांजा मात्र या यादीत नाही. वीस किलोपेक्षा अधिक गांजा सापडला तर दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड होतो. फाशीचा संबंधच येत नाही. शिवाय या कायद्याखाली काही न्यायालयांनी फाशी सुनावली असली, तरी आजवर एकालाही प्रत्यक्ष फाशी झालेली नाही. एवढे ऐकले की सभा थोडी शांत होते आणि पुढचे ऐकण्याच्या मनःस्थितीत येते.

आता पुराव्याकडे यावे आणि सुरुवात फाशीच्या बाजूने असलेल्या सर्वांत भक्कम पुराव्यापासून करावी. तो पुरावा सिंगापूरचा. तिथे १५ ग्रॅमपेक्षा अधिक हेरॉईन किंवा ५०० ग्रॅमपेक्षा अधिक गांजा यांच्या तस्करीला फाशी आहे, आणि २०२२ मध्ये तिथे ११ जणांना फाशी झाली, ती सर्व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी. तेथील सरकार सांगते, की १९९० मध्ये १,२०० ग्रॅमपेक्षा अधिक अफूच्या तस्करीला अनिवार्य फाशी लागू झाली आणि पुढच्या चार वर्षांत तस्करीतील अफूचे सरासरी वजन ६६ टक्क्यांनी घटले. हा आकडा लपवू नये, तो फळ्यावर लिहावा आणि मुलांना विचारावे: यातून नेमके काय सिद्ध होते? वाहून नेणाऱ्याला कायद्याची मर्यादा ठाऊक असते आणि तो तिच्या आत राहण्याचा हिशेब करतो, एवढे नक्की सिद्ध होते, आणि ही गोष्ट क्षुल्लक नाही. पण सरासरी वजन घटले म्हणजे एकूण माल घटला, असे होत नाही. एकाच्या पिशवीतला माल तिघांच्या पिशव्यांत वाटला गेला, तरी सरासरी घटतेच. खेपा किती झाल्या, गिऱ्हाईक दुसऱ्या पदार्थाकडे वळले का, भाव चढला का, हे त्या एका आकड्यात नाही. शिवाय सिंगापूर हे मोजक्याच वाटांनी आत शिरता येणारे बेट आहे. तिथे पकडले जाण्याची भीती मुळातच मोठी, म्हणून धाक फाशीचा की नाक्याचा, हे वेगळे काढणे अवघड आहे.

असे वेगळे काढण्यासाठी अभ्यासक दोन सारखी ठिकाणे शेजारी ठेवून पाहतात. खुनाच्या गुन्ह्याबाबत सिंगापूर आणि हाँगकाँग यांची अशी तुलना झाली आहे. हाँगकाँगमध्ये १९६६ नंतर कोणालाही फाशी झाली नाही आणि १९९३ मध्ये ती कायद्यातूनच गेली. सिंगापुरात त्याच सुमारास फाशीचे प्रमाण फार वाढले होते. तरीही खुनांचा आलेख दोन्हीकडे जवळपास सारखाच उतरत गेला. हे तस्करीबद्दल नाही, ते खुनाबद्दल आहे, हे सभेला सांगितलेच पाहिजे. पण एकाच ठिकाणचा आकडा एकटा का पुरत नाही, हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

दुसरे टोक इराणचे. अफगाणिस्तानातून पश्चिमेकडे जाणारा माल या देशातून जातो, आणि इराणने दशकानुदशके तस्करांना फासावर चढवले आहे. तरीही जगात पकडल्या जाणाऱ्या अफूचा सर्वांत मोठा वाटा वर्षानुवर्षे तिथलाच राहिला आहे. २०१७ मध्ये खुद्द इराणनेच फाशीसाठीची मर्यादा हेरॉईनकरिता ३० ग्रॅमवरून २ किलोवर आणि अफूकरिता ५ किलोवरून ५० किलोवर नेली. त्यानंतर फाशींची संख्या एकदम खाली आली, पण पुढे ती पुन्हा चढली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ मधील किमान ८५३ फाशींपैकी ४८१ अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी होत्या. मलेशियाने २०२३ मध्ये अनिवार्य फाशी रद्द केली. आपल्याकडे कायद्यांतील सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात, जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक अधिक असतो असे दिसत नाही, असा निष्कर्ष नोंदवला.

माझे मत असे, की हा प्रश्न परदेशी आकड्यांपेक्षा आपल्या पंचनाम्यात अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून सभेचा निम्मा वेळ यापुढच्या भागाला द्यावा. तुरीच्या ओळींत लावलेली गांजाची झाडे सापडली, की ती उपटून धुऱ्यावर ढीग घातला जातो आणि वजनकाटा मागवला जातो. मुळांची ओली माती, खोड, पाने, शेंडे असे सगळे एकत्र तोलले जाते. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्यात धरल्या जात नाहीत. झाडे लावण्याचा गुन्हा वजनावर अवलंबून नाही, पण गांजा बाळगल्याचे कलम वजनावर ठरते, आणि बचाव पक्षाचा वकील नेमका त्याच वजनावर बोट ठेवतो. नमुना आणि मुद्देमालाची यादी दंडाधिकाऱ्यांसमोर प्रमाणित झाली का, अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला का, मिळालेली खबर लिहून वरिष्ठांकडे मुदतीत पाठवली का, यांपैकी एका ठिकाणी ढिलाई झाली तरी खटला डळमळतो.

आणि पंच? ते गावातलेच असतात. भर उन्हात बोलावलेले, घाईत, बरेचदा मजकूर न वाचता सही केलेले, आणि पुढे काही वर्षांनी साक्षीला उभे राहिल्यावर "मला ठाण्यात बोलावून सही घेतली" असे म्हणून फितूर होणारे. सभेत पोलीस पाटलांकडून पंचनाम्याचा एक नमुना वाचून घ्यावा आणि पंचाने काय पाहावे, हे प्रत्यक्ष करून दाखवावे: काट्यावरचा आकडा स्वतः वाचावा, मातीसकट तोलले असल्यास तसे लिहायला सांगावे, लाखेची सील समोर लागली का ते पाहावे, मजकूर पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. तस्कराचा हिशेब "सापडलो तर काय होईल" यापेक्षा "सापडेन का, आणि सापडलो तरी सुटेन का" या प्रश्नांवर चालतो. शिक्षा वीस वर्षांवरून फाशीवर नेली, तरी या दोन प्रश्नांची उत्तरे जिथल्या तिथे राहतात. उलट शिक्षा जितकी जड, तितका पुरावा काटेकोर मागितला जातो, आणि तो मागितलाच पाहिजे.

सापडतो कोण, हेही विचारावे. आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरपट्ट्यातून तेलंगण किंवा छत्तीसगडमार्गे येणारा माल नागपूरकडे नेताना हाती लागतो तो गाडीचा चालक किंवा रेल्वेत पिशवी घेऊन बसलेला पोरगा. मालक त्या गाडीत नसतो. कर्जात बुडालेला एक पोरगा तुरुंगात गेला, तर मालकाला दुसरा मिळतो, आणि धोका वाढला म्हणून खेपेचे चार पैसे जास्त द्यावे लागले, तर ते तो गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. फाशीचा दोर पोहोचतो तो बहुतेक वेळा या पोरापर्यंत.

एक मुद्दा सभेत कोणी काढणार नाही, तो आपण काढावा. गावात गांजा कोण विकतो हे दहा जणांना ठाऊक असते, आणि त्या दहांतले चार जण नात्यातले असतात. पुतण्याला काही वर्षे आत जावे लागेल, एवढ्याने काका कदाचित बोलायला तयार होईल. त्याला फासावर चढवतील असे कळले, तर तो जन्मात तोंड उघडणार नाही. माहिती आटली की पकडण्याची शक्यता आटते, आणि त्याबरोबर धाकही.

दारूबंदीचा विषय निघणारच. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. त्या अनुभवावर बोलू द्यावे, पण दहा मिनिटेच, नाहीतर मूळ विषय बाजूला राहतो.

"आमचे पोर गेले, त्याचा न्याय काय?" असे एखाद्या आईने विचारले, तर तिला धाकाचे गणित सांगू नये. न्याय म्हणून काय शिक्षा असावी हा स्वतंत्र प्रश्न आहे, त्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद असू शकतो, आणि ती फाशीच्या बाजूने असेल तर तिचे मत तसेच नोंदवून घ्यावे. आपण फक्त एवढे पाहावे, की न्यायाचा युक्तिवाद परिणामाचा पुरावा म्हणून नोंदला जाणार नाही.

शेवटी ठराव लिहिताना, ज्यांची अंमलबजावणी गावाच्या हातात आहे अशाच गोष्टी त्यात घ्याव्यात. पंच म्हणून उभे राहण्यास तयार असलेल्या, वाचता-लिहिता येणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे काढावीत. १९३३ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नाव न सांगता तस्करीची माहिती देता येते आणि १४४४६ वर व्यसनमुक्तीसाठी मार्गदर्शन मिळते, हे दोन्ही क्रमांक शाळेच्या आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर रंगवून घ्यावेत. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तिने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण केले, तर एनडीपीएसच्या कलम ६४-अ खाली तिला खटल्यापासून संरक्षण मिळते, ही माहिती आशा ताईंमार्फत घरोघर पोहोचवावी. पोलिसांच्या भीतीने मुलाला दवाखान्यात न नेणारे आईबाप याच गावात असतात. ठरावाची प्रत पोलीस ठाण्यात आणि तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि त्याचा आढावा हा विषय पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत त्याच दिवशी लिहून ठेवावा.