चालता चालता बंद पडणारी सेकंडहँड गाडी: दोष कसा शोधायचा

गाडी माजिवड्याच्या सिग्नलला बंद पडते, वीस मिनिटांनी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की दिवसभर कुरकुर करत नाही. मग अंदाजाने आधी प्लग बदलले जातात, नंतर कॉइल, नंतर पेट्रोल पंप. बिल वाढतं, दोष तिथेच राहतो. अधूनमधून येणारा दोष पार्ट बदलत बसून सापडत नाही. तो बंद पडतानाच्या काही सेकंदांत आणि त्यानंतरच्या दोन मिनिटांत स्वतःला दाखवतो. तेवढ्या वेळात काय पाहायचं हे आधीच ठरवून ठेवा.

पण सगळ्यात आधी जीव. इंजिन बंद पडलं तरी ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. ब्रेक सारखा सारखा पंप करू नका, एकदाच दाबून धरा. स्टिअरिंग जड होईल, पण वळेल. चावी पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. हॅझर्ड लावा आणि गाडीच्या वेगावरच डावी कड गाठा. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर किंवा ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकच्या रांगेत अडकलात, तर माणसांनी आधी उतरून कडेला जावं, दोष नंतर शोधावा.

बंद पडताना डॅशबोर्ड काय सांगतो

गाडी गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर इंजिन बंद पडल्यावरही चाकं त्याला फिरवत असतात. म्हणजे आरपीएमचा काटा वेगासोबत हळूहळू उतरायला हवा. गाडी चाळीसने पळतेय, बाकीचे दिवे जागेवर आहेत आणि काटा एकदम शून्यावर आपटला, तर क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय का, किती वेगाने, हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर) सिग्नल तुटला असं समजा. काटा हळूहळू उतरला आणि त्याआधी गाडीने झटके खाल्ले, पिकअप गेला, तर शोध इंधनाकडे वळवा. ऑटोमॅटिक गाडीला ही खूण लागू नाही.

डॅशबोर्ड पूर्ण काळा झाला तर लगेच हॅझर्ड लावून पाहा. हॅझर्डला करंट थेट बॅटरीकडून येतो, चावी लागत नाही. हॅझर्ड लागतात पण डॅशबोर्ड काळा, तर चावीचा इग्निशन स्विच झिजलेला असण्याची शक्यता मोठी आहे. चावीला जड जुडगा लटकवलेला असेल तर आधी तो काढा. हॅझर्डही मेले, तर बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज आणि अर्थिंग पाहा.

थांबल्यावर चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण ऐका. म्युझिक आणि एसी बंद हवा. गुणगुण नसेल तर पंप, त्याचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच) किंवा फ्यूज. गुणगुण आहे पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, तर पुन्हा क्रँक सेन्सर. काही गाड्यांत सेल्फच्या वेळी काटा तसाही हलत नाही, म्हणून स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे आणि दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लाइव्ह आरपीएम पाहणं जास्त भरवशाचं. साधारण २०० ते ३०० दिसायला हवेत.

वहीत पाच गोष्टी लिहा: किती वेळ चालली होती, वेग किती होता, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, किती मिनिटांनी सुरू झाली. तीन वेळा बंद पडल्यावर ही पाच उत्तरं एकमेकांशी जुळू लागतात.

गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर चालू

या तक्रारीत क्रँक सेन्सर पहिला संशयित. इंजिनच्या उष्णतेने आतल्या तारेचा जोड सैल होतो, गार झाल्यावर परत जुळतो. दोन वायरींचा सेन्सर असेल तर मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत तो काहीशे ते हजार-दीड हजार ओहमपर्यंत असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहा. आता मीटर लावलेलाच ठेवून सेन्सरला हेअर ड्रायरची गरम हवा द्या. आकडा थोडा वाढणं ठीक आहे, पण मध्येच उड्या मारून अनंत दाखवू लागला तर चोर सापडला. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला ही चाचणी चालत नाही, त्याचा सिग्नल स्कॅनरवर किंवा ऑसिलोस्कोपवरच पाहावा लागतो.

दुसरा संशयित मेन रिले. त्याचं झाकण उचकटलं की पिनेभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसते, जणू पिनेने अंगठी घातली आहे. नुसत्या नजरेला ती निसटते, भिंगातून पाहा. इंजिन आयडलवर (रेस न देता) ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने रिलेवर हलके ठोके द्या. इंजिन अडखळलं तर दोष तिथेच आहे. शेजारचा हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून दोन दिवस चालवणं ही फुकटची चाचणी आहे.

अर्थिंग ठाणे-नवी मुंबईकडे विशेष तपासावं. खाडीकाठची खारी, दमट हवा आणि पावसाळा यांमुळे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या पट्ट्या आतून गंजतात, वरून मात्र बोल्ट घट्ट दिसतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं तर पट्टी खोलून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत.

सीएनजीची गाडी

ठाणे-नवी मुंबईत सेकंडहँड पेट्रोल गाडी बहुधा सीएनजीवर चाललेली असते, आणि इथे निदान हमखास चुकतं. बऱ्याच किटमध्ये सीएनजीवर चालतानाही पेट्रोल पंप फिरत राहतो. त्याला गार ठेवतं ते टाकीतलंच पेट्रोल. काटा महिनोन्‌महिने रिझर्व्हवर ठेवलेल्या गाडीचा पंप त्यामुळे कमजोर होतो. पुढे गॅसचा दाब कमी झाला की किट आपोआप पेट्रोलवर जातं आणि नेमक्या त्या क्षणी गाडी बंद पडते. मालक सीएनजीला दोष देतो, दोष असतो पेट्रोलच्या बाजूला.

म्हणून टाकी अर्धी भरा, स्विच पेट्रोलवर ठेवा आणि तीन-चार दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. नंतर तेवढेच दिवस सीएनजीवर. पेट्रोलवरच बंद पडली तर फ्युएल प्रेशर मोजून घ्या. साध्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत ते साधारण ३ ते ४ बार असतं आणि रेस दिल्यावर कोसळता कामा नये. हे काम गॅरेजलाच द्या, लाइनमध्ये दाबाखाली पेट्रोल असतं. सीएनजीवरच बंद पडली तर गॅस फिल्टरमध्ये कॉम्प्रेसरचं तेल साठलं आहे का ते बघायला सांगा आणि कूलंटची पातळी तपासा. कूलंट कमी असेल तर गॅसचा दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरला गरम पाणी पोचत नाही आणि तो गोठू लागतो. सिलिंडरची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का हेही त्याच वेळी पाहून घ्या.

फक्त सिग्नलला, क्लच दाबताना किंवा एसी लागताना बंद पडणाऱ्या गाडीत बहुतेकदा थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) कार्बन असतो. साफ केल्यावर आयडल पुन्हा शिकवावा लागतो, नाहीतर तक्रार वाढल्यासारखी वाटते. पेट्रोल भरून निघताच बंद पडत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलेला आहे का ते पाहा.

डिझेल गाडीत सुरुवात फिल्टरपासून करा: त्यातलं पाणी काढा आणि पारदर्शक पाइपमध्ये हवेचे बुडबुडे जातात का ते पाहा.

स्कॅनर लावताना

बंद पडल्यावर बॅटरीची वायर काढू नका, कोड पुसले जातात. आधी पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले दोष) आणि फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणीचे आकडे) वाचा. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरची सर्किट, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलच्या मात्रेत केलेली कायमची वाढ-घट) अधिक १० टक्क्यांच्या वर सतत राहत असेल तर व्हॅक्यूम लीक (फटीतून इंजिनात शिरणारी जादा हवा) आणि पंप, दोन्ही तपासा. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं मुळीच नाही. रिले आणि अर्थिंगचे दोष अनेकदा कोड सोडतच नाहीत.

काहीच जुळत नसेल तर गाडी पाण्यात उभी राहिली होती का ते तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते का? सीटच्या रेलवर गंज आहे का? तसं असेल तर सुटा पार्ट बदलण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर खोलून पिनांवरची हिरवट बुरशी साफ करून घ्या.

दुरुस्तीनंतर गाडी गॅरेजभोवती फिरवून ताब्यात घेऊ नका. वहीतली परिस्थिती जशीच्या तशी उभी करा: तोच वेग, एसी चालू, टाकी तेवढीच, आणि पाऊण तास वाशी ते बेलापूर असं गर्दीच्या वेळी. मग पुन्हा पेंडिंग कोड वाचा.