कन्नडमधलं मराठीत आणलं, तरी उतारा दुसऱ्याचाच

"सर, पुस्तक कन्नड हाय, मी मराठीत आणलंय की. कॉपी कुठं झाली?"

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेजांत प्रोजेक्ट तपासताना हे हमखास ऐकू येतं. घरी मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी अशी आपली सवय, त्यामुळे इकडचं तिकडं नेणं ही मेहनतच वाटते. मेहनत असतेच. पण उतारा मूळ लेखकाचा राहतो आणि त्याचं नाव न देता वापरला तर ती चोरी.

समजा, विषय १९२४ चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे उतारा अवतरणचिन्हांत आणि लगेच लेखक, पुस्तक, पान क्रमांक. कन्नड उतारा कन्नड लिपीतच ठेवा, नाहीतर महिन्याभरानं तो आपलाच वाटू लागतो. उजवीकडे तुमच्या शंका.

लिहायला बसताना पुस्तक मिटा. पुस्तकात आहे, "अधिवेशनाच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदण्यात आली." तुम्ही "खोदण्यात आली"चं "खणली गेली" केलंत, तर ती नक्कलच. त्यापेक्षा त्या काँग्रेस विहिरीपाशी जाऊन या, दिसलं ते लिहा आणि खोदण्याचं कारण पुस्तकाच्या नावावर टाका. गांधीजी या अधिवेशनाचे अध्यक्ष होते हे सगळ्यांनाच ठाऊक, त्याला संदर्भ नको.

मित्राची फाईल 'फक्त बघायला' घेऊ नका. बघता बघता तिचे मथळेही आपल्यात येतात.

पुढे प्रबंध लिहाल तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम लागतील. दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. कन्नडमधून आणलेलं हे साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नजरेतून सुटेलही, पण तोंडी परीक्षेत कन्नड जाणणारे सर समोर असतात.

बाइंडिंगला देण्याआधी कुठल्याही पानावर बोट ठेवा. हे वाक्य कुठून आलं? आठवलं नाही तर वहीची डावी बाजू चाळा. तिथंही नसेल तर वाक्य खोडा.