वाट पाहताना आनंद कसा टिकवायचा

ह्यांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून जो तो सांगतो, "आनंदी राहा, प्रभू आहे ना!" माझं ऐका, आधी मनसोक्त तक्रार करा. बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. पहिल्या दोनच वचनांत "कुठवर?" हा प्रश्न चारदा येतो.

मग बायबलमधल्याच हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातली ३:१७-१८ ही वचनं काढा. अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी तो हर्ष करतो. तिथे आपली यादी घाला: किडनी मिळाली नाही, पगार अर्ध्यावर आला, तरीही... हे 'तरीही' रोज ओठांवर येत नाही. नाही आलं तर यादीवरच थांबा; देवाला तीही चालते.

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, बऱ्याच चर्चमध्ये तिसऱ्या रविवारी आनंदाची गुलाबी मेणबत्ती लावतात. घरीही लावा, एखादं भजन म्हणा, बेसूर का होईना. आणि मंडळीतल्या कुणी डबा आणला तर "कशाला त्रास?" म्हणू नका. घ्या.