पर्वती चढताना दम लागतो? या चुका टाळा

पुण्यात पर्वतीवर रोज सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. नवीन आलेला माणूस निम्म्या पायऱ्या झपाझप चढतो आणि मग गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा राहतो. तिसऱ्या दिवशी तो येतच नाही. फार वाईट वाटतं, कारण चूक फक्त वेगाची असते.

वेग बोलून तपासा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये. वाक्य तुटत असेल तर सावकाश चला. अभंग सहज म्हणता येत असेल, तर मात्र पाय उचला. गप्पा मारत रेंगाळण्याने हृदयाला फारसं काम मिळत नाही.

हृदय विश्रांतीत एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त पुढे ढकलतं. काही महिने नियमित चाललात की ते प्रमाण वाढतं आणि तेच काम कमी ठोक्यांत होतं. सकाळी अंथरुणातच अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवा, ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. माझा तीन महिन्यांत ८२ वरून ७४ वर आला, तेव्हा मी तो घरातल्या सगळ्यांना दाखवला होता! रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाडी मंदावते; त्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

व्यायामाने फुप्फुसं मोठी होतात, हा गैरसमज आहे. श्वासाचे स्नायू बळकट होतात आणि पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू जास्त चांगला वापरू लागतात, म्हणून तीच चढण कमी दमात होते.

आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी एकदम सिंहगड, असं करू नका. आठवड्याला किमान १५० मिनिटं हवीत. रोज अर्धा तास, पाच दिवस. वर पोचताच बसकणही मारू नका. रक्त पायांत साचून चक्कर येते. पाच मिनिटं हळूहळू फिरा.

हिवाळ्यात पहाटेचा धूर जमिनीलगत अडकतो, तेव्हा ऊन पडल्यावर निघा. दमा असेल तर पंप खिशात ठेवा.

छातीवर दडपण आलं, जबडा किंवा हात दुखू लागला, थंड घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून चालत राहू नका. तिथेच बसा आणि १०८ ला फोन लावायला सांगा.