लाकडावरची फळीबुरशी ओळखताना

मेलेल्या खोडावर किंवा ओंडक्यावर फळीसारखी, अर्धवर्तुळाकार आणि बहुधा बिनदेठाची जी बुरशी वाढते, ती वरच्या रंगावरून ओळखण्याचा मोह होतो आणि बहुतेक चुका तिथेच होतात. ऊन, ओल आणि वय यांनुसार रंग पालटतो. जुन्या फळीवर शेवाळ चढले की ती चक्क हिरवी दिसते. म्हणून आधी एक फळी काढून उलटी करावी आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तिचा तळ पाहावा.

ट्रॅमेटीस व्हर्सिकलर ही पातळ, वरून मखमली आणि रंगीत वलयांची असते. तिच्या पांढरट तळावर दर मिलिमीटरला साधारण 3 ते 5 छिद्रे दिसतात. स्टेरियम ऑस्ट्रेआची वलये तिच्याशी इतकी जुळतात की सरावलेला माणूसही फसतो, मात्र तिचा तळ सपाट असून त्यावर एकही छिद्र नसते. लेन्झायटीसच्या तळाला छिद्रांऐवजी उभ्या पट्ट्या असतात. शिझोफायलम कम्यूनच्या पट्ट्या तर कडेवर लांबीने दुभंगलेल्या असतात, कोरड्या हवेत वळून मिटतात आणि ओल लागली की पुन्हा उघडतात.

जाड, टणक फळीचा पांढरा तळ नखाने ओरखडल्यावर रेघ लगेच तपकिरी झाली, तर ती बहुधा गॅनोडर्मा अप्लॅनॅटम समजावी. ही रेघ वाळल्यावरही टिकते, म्हणून काहीजण तिच्यावर चित्रे कोरतात. फळीच्या माथ्यावर आणि भोवतीच्या पानांवर कोकोसारखी पूड साचलेली असेल, तर ते तिचेच बीजाणू होत.

एवढ्यानेही खात्री पटली नाही, तर फळीखालचे लाकूड तपासावे. वर नावे आलेल्या बुरशींमुळे लाकूड सहसा फिकट, मऊ आणि धागेदार होते. ते तपकिरी पडून चौकोनी ठोकळ्यांत तडकले असेल आणि बोटांत चुरडत असेल, तर यांतले एकही नाव बहुधा लागू पडत नाही. अर्थात एकाच ओंडक्यात अनेक बुरशी नांदतात, तेव्हा लाकूड फळीच्या अगदी बुडाशीच पाहिलेले बरे.

फळी काढण्यापूर्वी तिची दिशाही टिपून ठेवावी. वाढताना बुरशी आपला तळ नेहमी जमिनीकडे राखते. त्यामुळे आडव्या ओंडक्यावर जुन्या फळ्यांचा तळ बाजूला वळलेला दिसला, तर झाड उभे असतानाच त्या उगवल्या होत्या.